गालाची पारख

माझ्या जुन्या, दोन सिलिंडरच्या ब्रिटिश मोटारसायकलसाठी रेसिंगचा कनेक्टिंग रॉड महामुश्किलीने मिळाला होता. त्यावर बारीक ओरखडा जरी राहिला, तरी भर वेगात रॉड तुटून इंजिन फुटायचं. म्हणून कुरुळी गावात धातूच्या पॉलिशचं काम करणाऱ्या एका मावशींकडे गेलो.

त्यांनी रॉड पदराने पुसला, डोळे मिटले आणि गालावरून हळूच फिरवला. मध्येच थांबल्या.

"हितं हाय बगा."

मी भिंग लावलं, तरी दिसेना. "हात लावून नाही बघत?"

"बोटं कामानं निबर झाली. गाल तेवढा नातवाच्या पाप्यांसाठी मऊ ऱ्हायलाय."

मीही रॉड गालाला लावला. मावशी हसल्या. "दाढीला काय कळतंय, दादा?"

दुसऱ्या दिवशी रॉड न्यायला गेलो, तो गुळगुळीत दाढी करूनच.