जन्मभर उपटलेली हरळी

मंडळी, आज आमच्या बदलापूरच्या सोसायटीत गंमत झाली.

तीन महिन्यांपूर्वी माळ्याने गेटजवळ लॉनसाठी वीत-वीत अंतरावर हरळीच्या काड्या लावल्या. मधली उघडी माती बघून सेक्रेटरी म्हणाले, "अजून मागवू." शेतात जन्मभर हरळी उपटलेले माझे बाबा म्हणाले, "थांबा. हिच्या पेरापेराला मुळं फुटतात, हे मला विचारा." तेव्हापासून रोज बाबाच पाणी घालतात.

आज माती दिसतच नव्हती. बाबा चप्पल काढून ऐटीत हरळीवर बसले. गप्पा मारता मारता बघते तर त्यांच्या शेजारी उपटलेल्या हरळीचा छोटा ढीग.

"बाबा, ही आपणच लावलीय."

"हो की," म्हणाले, आणि एकेक काडी परत मातीत खोचू लागले.

तुमच्या घरी कुणाचे हात अजून शेतातच आहेत?