वानखडे सरांचा लव्हाळा

आमच्या वाशीमच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र विभाग म्हणजे दोन खोल्या, एक लोखंडी कपाट आणि माणसं तीन: विभागप्रमुख वानखडे सर, मी डेमॉन्स्ट्रेटर आणि शिपाई तुळशीराम. एवढ्याशा जागेत किस्से तरी किती साचावेत! कपाटात जागा नव्हती, म्हणून मी ते डोक्यात ठेवत गेलो. आज त्यातले लव्हाळ्याचे तेवढे काढतो.

लव्हाळा दिसतो गवतासारखा, पण गवत नव्हे. ओळखायची खूण सोपी. देठ दोन बोटांत फिरवायचा. गवताचा गोल लागतो, लव्हाळ्याचा बहुतेक तिकोनी. सरांच्या बोटांना ही सवयच जडली होती. सरांच्या पुतण्यासाठी किन्हीराजाला मुलगी बघायला गेलो, तर सर पोह्यांवरची कोथिंबिरीची काडी फिरवत बसले. मुलीच्या बापाला वाटलं, पोह्यांत काही निघालं. बिचारा उठून उभाच राहिला. सर म्हणाले, "काही नाही, गोल आहे." लग्न जमलं, पण त्या घरात सरांना अजून 'गोलवाले काका' म्हणतात.

*

केनवडकडे नदीकाठी सरांना एक लव्हाळा सापडला. पुस्तकातल्या कशाशीच तो पुरता जुळेना. तिथं कासाबाई नावाची गावातली एक बाई म्हशीसाठी गवत कापत होती. सरांनी विचारलं, "बाई, याला काय म्हणता?"

"नाव कायले पायजे त्याले? म्हैस खात नाही ते."

"आणि हे शेजारचं?"

"हे खाते."

सगळं नदीकाठचं रान तिनं असं दोन भागांत वाटून टाकलं. सरांनी ते वहीत शब्दशः लिहून घेतलं. मी कॉलेजात जाऊन ही गंमत सांगितली, ही माझी चूक. मग महिनाभर स्टाफरूममध्ये प्राचार्यांसकट सगळे विचारायचे, "काय वानखडे, आज म्हैस काय म्हणते?" सर हसायचे. वहीतलं पान मात्र त्यांनी खोडलं नाही.

*

आणलेली झाडं आम्ही रद्दीच्या पेपरांत दाबून वाळवायचो, मग जाड कागदावर चिकटवून कपाटात ठेवायचो. रोज पेपर बदलायचं काम तुळशीरामचं. त्या पेपरांत एक कादंबरी क्रमशः यायची आणि तुळशीराम तिच्यात पार अडकला. पुढचं प्रकरण कोणत्या झाडाखाली आहे ते शोधायला तो अख्खा गठ्ठा उसवायचा. अशाच एका शोधात लव्हाळ्याच्या मुळाची गाठ खाली पडली, आणि त्यानंच ती झाडून फेकली.

सरांना मी पहिल्यांदाच चिडलेलं पाहिलं. "तुळशीराम, काय करून ठेवलंस हे?"

"सर, तिचा नवरा जिता निंगाला न."

सरांनी पेपरांचा गठ्ठा पुढे ओढला. मग म्हणाले, "कोणत्या पेपरात आहे?"

*

आम्ही हसलो खरं, पण नुकसान मोठं होतं. त्यानंतरच्या पुरात तो काठच खचला. दुसरं झाड मिळेना. मार्चअखेर सर रिटायर होणार होते. कपाटातल्या प्रत्येक कागदावर झाडाचं नाव होतं, या एकावर तेवढं पेन्सिलीचं प्रश्नचिन्ह. "ते पुसून गेलो असतो तर बरं वाटलं असतं," सर एकदा म्हणाले. मला फार वाईट वाटलं. मीच आग्रह करून ते झाड, गाठ नाही तर नाही, पुण्याच्या एका जाणकारांकडे पाठवलं.

फेब्रुवारीत त्यांचं उत्तर आलं. सरांनी स्टाफरूममध्येच ते मोठ्यानं वाचायला घेतलं. दोन जाती दिसायला सारख्या, फरक गाठीत. एकीची गाठ उग्र वासाची, त्या जातीला जनावरं तोंड लावत नाहीत. शेवटी लिहिलं होतं, "गाठ उपलब्ध नसल्यास कृपया कळवावे, तिकडील म्हशी हे खातात काय?"

प्राचार्य चहा पीत होते. ते पीतच राहिले.

"वहीत आहेच की," मी म्हणालो.

"भुकेलं जनावर काहीही खातं. खात्री करून येऊ," सर म्हणाले, आणि आम्ही केनवडची एसटी धरली.

कासाबाई गोठ्यात होती. सरांनी वहीतलं झाडाचं चित्र दाखवून विचारलं, "बाई, अगदी भुकेली असली तरी म्हैस हे खात नाही?"

तिनं हातातली पाटी खाली ठेवली. "मास्तर, बहात्तरच्या दुष्काळात माह्या म्हशीनं घराचा तुराट्याचा कूड खाल्ला, माह्या लुगड्याचा पदर खाल्ला. पन याले तोंड नाही लावलं."

सरांनी हेही जसंच्या तसं पुण्याला कळवलं.

मार्चच्या मध्यावर झाडाचा कागद परत आला आणि सोबतच्या पत्रातून नाव आलं. रबर तुळशीरामनंच आणून दिलं. सरांनी प्रश्नचिन्ह पुसलं, फुंकर मारली आणि नाव शाईनं लिहिलं. कागदाच्या कोपऱ्यात 'ओळख पटवणारे' असा रकाना असतो. त्यात त्यांनी आधी पुण्याच्या जाणकारांचं नाव घातलं. मग खाली, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत लिहिलं: कासाबाईंची म्हैस, केनवड.