मढच्या चिखलातला डेडमॅन

"रेस दे! अजून रेस दे! दाब पूर्ण!"

मासे सुकवायच्या मैदानावर पंधरा माणसं पंधरा बाजूंनी ओरडत होती आणि गजा त्या पंधराही जणांचं ऐकत होता. त्याच्या पिकअपची मागची चाकं जागच्या जागी फिरत होती. चिखल उडत होता. त्यातला पावशेर माझ्या मेडलांवर येऊन बसला.

"रेस सोड! सोड रेस, मेल्या! इंजिन बंद!"

माझा आवाज परेड ग्राउंडवरचा. त्या आवाजाने पलीकडे वर्सोव्याची फेरीबोट धक्क्यावरून सुटायची थांबली, असं गजा आजही सांगतो. मी सांगत नाही. फक्त नाकारत नाही.

वेळ सकाळी दहा वाजून पाच मिनिटं. ठिकाण मढ, गावामागची खाडीची कड. पिकअप मागच्या अ‍ॅक्सलपर्यंत आत. अजून पाच मिनिटं रेस दिली असती तर गाडी थेट श्रीलंकेत निघाली असती.

मी कोण ते सांगतो. ईएमईचा, म्हणजे फौजेच्या गाड्या-यंत्रं सांभाळणाऱ्या कोअरचा हवालदार, रिटायर्ड, ट्रेड रिकव्हरी मेकॅनिक. म्हणजे फौजेची गाडी दरीत, नदीत, बर्फात, दलदलीत, कुठेही अडकली की ती बाहेर काढायची. बावीस वर्षांत चार हजार गाड्या काढल्या. माझी बायको म्हणते, हा आकडा दर दिवाळीला वाढतो. वाढू दे. मुलुंडला रिटायर्ड माणसाकडे वाढवायला दुसरं काय असतं?

पिकअपमध्ये स्मारकाचा काळा दगड होता. साडेचार फूट उंच, अडीचशे किलो. त्यावर कोरलेलं नाव, नाईक चिंतामण, आमच्या रिकव्हरी पार्टीतला. गजा त्याचा धाकटा भाऊ. पुढे केबिनमध्ये त्यांची आई बसलेली, हिराबाई. साडेसहाला घाटकोपरच्या पाथरवटाकडे मी स्वतः दगड चढवून घेतला होता. साडेअकराला गावच्या चौकात तो बसवायचा, साहेबांच्या हस्ते. साहेब म्हणजे इथले पुढारी. नाव लिहीत नाही. त्यांच्या बॅनरवर ते इतकं मोठं असतं की माझ्या कागदावर मावणार नाही.

आता मला राग का आला ते ऐका. चौकाकडे जाणारा रस्ता गटारासाठी तीन महिन्यांपूर्वी खणला होता. "कार्यक्रमाआधी गुळगुळीत करून देतो," असा शब्द साहेबांनी हिराबाईला घरी येऊन, चहा पिऊन दिला होता. रस्ता तसाच पडलेला. त्या खड्ड्यावर मात्र कमान उभी. कमानीवर साहेबांचा चेहरा पाण्याच्या टाकीएवढा आणि कोपऱ्यात चिंतामणचा फोटो पोस्टाच्या तिकिटाएवढा. पिकअपला जायला वाट नाही म्हणून गजाने खाडीची कड धरली. पुढचं सांगितलंच.

हिराबाई खाली उतरल्या. गुडघाभर चिखलात उभ्या राहून त्यांनी खाडीकडे पाहिलं.

"हवालदार, आज पुनव. उधान हाय. बाराला पानी इथं."

"इथं म्हणजे कुठपर्यंत, आई?"

त्यांनी हात पिकअपच्या खिडकीच्या काचेला लावला.

ती पिकअप म्हणजे त्या घराची चूल. गजा रोज पहाटे तीत मासळी भरून मालाडच्या बाजारात नेतो. खाऱ्या पाण्यात एक भरती काढली की इंजिन भंगारात.

पहिली ड्रिल, लोड उतरवा. आठ जणांनी बांबूंवर दगड उतरवून वरच्या कोरड्या, घट्ट जमिनीवर ठेवला. वेळ दहा वीस. तेवढ्यात माझा फोन वाजला. साहेबांचा कार्यकर्ता, पांढरा शर्ट, सोन्याची साखळी. फोनवर दिसत नव्हता, पण आवाजातून साखळी ऐकू येत होती.

"काका, दगड कुठाय?"

"गाडी अडकलीय. काढतोय."

"अहो, गाडीचं नंतर बघू ना. हातगाडी पाठवतो, दगड तेवढा द्या. साहेबांना दुपारचं विमान आहे."

"नंतर गाडी पाण्याखाली असेल."

"इन्शुरन्स असेल ना, काका!"

मी फोन कट केला. चिखलात फेकणार होतो, पण माझाच होता.

आता गाडी ओढायची कशाने? ट्रॅक्टर त्या खणलेल्या रस्त्यावरून येईना. बोटीचं इंजिन उचलायचा चेन ब्लॉक गजाने वर्कशॉपमधून आणला. चेन ब्लॉक झकास चीज आहे. एक माणूस साखळी ओढतो आणि तीन टन वजन हलतं. पण त्याचं दुसरं टोक कशाला तरी बांधावं लागतं. तिथे झाड नाही. मासे सुकवायचे बांबू काडीसारखे मोडतील. खाजणातल्या खारफुटीला मी हात लावू देणार नव्हतो.

"स्टेपनी काढ. ती पुरू, ब्लॉक तिला बांधू."

"स्टेपनी पंक्चरवाल्याकडे आहे, हवालदारकाका."

"कधीपासून?"

"गणपतीपासून."

"कुठल्या?"

त्या क्षणी मी त्याचं कोर्ट मार्शल केलं, शिक्षाही सुनावली आणि अंमलबजावणी पुढे ढकलली.

बोटीचा नांगर आणून पाहिला. जमिनीत रोवला, ब्लॉक ताणला. नांगर भुईतून असा सरकत आला की मागे सरळ सरी पडली, ऊस लावावा अशी. दहा पंचेचाळीस. पाण्याची पहिली जीभ खाडीकडच्या बांधापर्यंत आलेली.

"आता काय?" गजाने विचारलं.

"डेडमॅन लागेल," मी म्हणालो.

इथे दोन मिनिटं थांबतो. डेडमॅन हा आमच्या ट्रेडचा शब्द. अँकर बांधायला काहीच नसेल तर खंदक खणायचा, त्यात जाड ओंडका आडवा पुरायचा आणि त्याला रस्सा बांधायचा. माणूस पुरल्यासारखा दिसतो म्हणून डेडमॅन. आमच्या पार्टीत हे काम चिंतामणचं. खाडीकाठचा पोरगा, चिखल त्याला हाताला कळायचा. मूठभर घेऊन दाबायचा आणि सांगायचा, "साब, इथे नाही. चार पावलं वर." गाडी ओढताना अँकरपाशी एक माणूस नजर ठेवून बसतो. तो हाच. सुट्टीला मी मढला यायचो. चिंतामण दिसला नाही की शेजारीण विचारायची, पोरगा कुठे? हिराबाई 'फौजेत' म्हणायच्या नाहीत, 'बॉर्डरवर' म्हणायच्या नाहीत. "चिंतू कामावर गेलाय." बस.

अरुणाचलमध्ये एक दिवस पाऊस होता. थ्री टन गाडी रस्त्याखाली घसरलेली. १४:१० ला डेडमॅन पुरला. चिंतामण अँकरवर. मी गाडीपाशी, वॉकीटॉकीवर.

"अँकर, रिपोर्ट. ओव्हर."

"अँकर ठीक. ओढा. ओव्हर."

१४:३५ ला गाडी रस्त्यावर आली. मी विचारलं, "अँकर, रिपोर्ट. ओव्हर." उत्तर आलं नाही. त्याच्या मागची दरड खाली आली होती. आम्ही रात्री आठपर्यंत हातांनी खणलं. डेडमॅन जिथे पुरला तिथेच होता, एक इंचही हलला नव्हता.

या गोष्टीत मी काही वाढवत नाही. कधीच वाढवली नाही.

तर मढला मी गजाला डेडमॅन समजावून सांगत होतो. जड पाहिजे, लांब पाहिजे, आडवा पुरायचा. बोलता बोलता माझी नजर दगडावर गेली आणि मी ती परत आणली. चार हजार गाड्या काढणाऱ्या माणसाची जीभ उचलेना.

हिराबाईंनी दगडावर हात ठेवला.

"हा हाय की."

"आई, त्याच्यावर नाव आहे."

"मग?"

"तो मान आहे त्याचा. चिखलात कसा घालू?"

"हवालदार," त्या म्हणाल्या, "मान त्या कमानीवर लावलाय, तिकिटाएवढा. गाडी त्याच्या भावाची हाय. खन."

मी खणलं. कोळणींनी खणलं. सुकटाच्या टोपल्यांनी माती उपसली. साडेतीन फूट खोल खंदक, पुढे रश्शाला तिरका चर. दगड आडवा उतरवला, त्याला गोणपाट गुंडाळलं, रस्सा घेतला. नावाची बाजू कुठे करायची ते मी विचारलं नाही. हिराबाईंनीच सांगितलं, "तोंड गाडीकडं."

अकरा दहा. फोन पुन्हा वाजला.

"काका, साहेब निघाले! दगड?"

"जमिनीत आहे."

"काय?"

"रेंज नाही. ओव्हर."

गाडी न्यूट्रलला. चाकांपुढे फळ्या. गजा स्टिअरिंगवर. साखळी मी ओढली. कर्र, कर्र. रस्सा ताठ झाला, त्यातून पाणी पिळून निघालं. "रश्शाच्या लाइनीतून सगळे बाजूला!" असं ओरडलो तेव्हा एका म्हाताऱ्याला 'रस्त्याच्या' ऐकू आलं आणि तो रस्ता शोधायला लागला. "रश्शाच्या, आजोबा, रश्शाच्या! रस्ता असता तर इथे आलो असतो का?" राग एवढा होता की ब्लॉक नसता तरी मी गाडी ओढली असती. पिकअप आणि तिच्यासोबत अर्धी खाडी.

खंदकापाशी कोणी बसू नका, असं मी बजावलं होतं. हिराबाई बसल्या. हात रश्शावर. मी पुन्हा साखळी धरली. सवयीने तोंडातून निघालं.

"अँकर, रिपोर्ट."

"ठीक हाय," त्या म्हणाल्या. "ओढा."

साखळी संपली की रस्सा आवळायचा, पुन्हा ओढायचं. असं तीनदा. अकरा पंचवीसला पाणी मागच्या चाकांना लागलं. अकरा बत्तीसला चिखलाने मोठा उसासा टाकला आणि पिकअप फळ्यांवर चढली. दगड एक इंचही हलला नव्हता. मी पट्टीने मोजलं नाही, पण या इंचावर मी कोणाशीही भांडेन.

दगड वर काढला तेव्हा पाणी घोट्याला होतं. रश्शाने गोणपाट फाडून 'चिंतामण'ची वेलांटी खरवडली होती.

दगड धुवायला वेळ नव्हता. पिकअप वाळवणाच्या मागून फिरवून चौकात पोचलो तेव्हा बारा दहा. साहेब खुर्चीत, घामाघूम, हातातली फुलं मान टाकलेली. दगडावर, आमच्यावर, सगळ्यांवर काळा गाळ. कार्यकर्ता धावत आला.

"ही काय दशा केलीय? शहिदाचा दगड आहे हा! साहेब चाळीस मिनिटं थांबलेत! कुठे होता हा इतका वेळ?"

माझ्या तोंडात मालवणी, मराठी, हिंदी अशा तीन भाषांतल्या शिव्या फॉल-इन होऊन उभ्या होत्या. ऑर्डर द्यायची बाकी होती.

हिराबाईंनी पदराने नावावरचा चिखल पुसला. फक्त नावावरचा.

"कामावर गेलता," त्या म्हणाल्या.