दादाला घेऊन चिखलदरा

चिखलदऱ्याला जायचं ठरलं ते माझ्या तिरसटपणामुळे. वहिनीचा फोन आला होता. नेहमीचंच सांगत होती, हे अजून बोलत नाहीत, पाटीवर लिहून दाखवतात. मी म्हटलं, घरात बसवून ठेवलंस तर तो काय भिंतीशी बोलणार आहे? शनिवारी दोघं अमरावतीला या, रविवारी मी डोंगरावर नेते. वहिनी चक्क हो म्हणाली.

माझा मोठा भाऊ भास्कर दर्यापूरकडे राहतो आणि बाजार समितीत हर्रास बोलतो. म्हणजे सोयाबीन-तुरीच्या ढिगापाशी उभं राहून व्यापाऱ्यांची बोली वर-वर चढवत नेतो आणि शेवटच्या बोलीवर सौदा तोडतो, पक्का करतो. सव्वीस वर्षं हेच काम. पार फाटकाबाहेर चहा पिणाऱ्यालाही कळायचं की आज भास्करभाऊ आलेत. उन्हाळ्यात त्याच्या घशात गाठ निघाली. नशीब, साधीच होती. ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी महिनाभर मौन सांगितलं आणि मग हळूहळू बोला म्हणाले. महिना संपला त्या दिवशी दादा गोठ्यात गेला, दार लावून काहीतरी बोलला. बाहेर उभ्या वहिनीला वाटलं, आत दुसराच कोणी माणूस आहे. दादा बाहेर आला तो तोंड मिटूनच. त्याला आता तीन महिने झाले. दसरा आठ दिवसांवर आला होता, सोयाबीनच्या गाड्या लागायला लागल्या होत्या, आणि दादाने पाटीवर लिहून टाकलं होतं की काम सोडतो. माझा जीव त्या एका ओळीत अडकला होता.

सकाळी सहाला निघालो. तुम्ही जाणार असाल तर सहाच्या पुढे निघू नका, कारण वलगाव-आसेगावचा रस्ता तेव्हा रिकामा असतो आणि दोन्ही बाजूंच्या कपाशीवर दव असतं. दादा पुढे बसला होता, काच खाली करून प्रत्येक वावराकडे पाहत होता. पासष्ट-सत्तर मिनिटांत परतवाडा आलं. तिथे गरम आलुबोंडे, तळलेली मिरची आणि दोन-दोन चहा झाले. पेट्रोलही इथेच भरून घ्या, वरचा भरवसा धरू नका. दादाने दुकानदाराला बोटांनी तीन दाखवले, तर तो त्याला मुका-बहिरा समजून आपुलकीने मोठ्यामोठ्याने आणि हातवारे करून बोलायला लागला. दादा मान खाली घालून खात राहिला. मला त्या बिचाऱ्या दुकानदाराचा उगाच राग आला.

धामणगाव गढीपासून घाट लागतो. सागाची पानं हाताएवढी झालेली, मधेच एखादं वळण असं की खाली सगळं वऱ्हाड सपाट पसरलेलं दिसतं, आणि पुढच्या वळणावर काहीच नाही, नुसतं पांढरं. दिवे लावून मी वीसच्या वेगाने चालवत होते. धुकं काचेतून आत येत होतं, वहिनीच्या पदरावर ओल धरत होतं. झाडं एकेक करून पुढे येत होती आणि मागे विरत होती. असं वाटत होतं की गाडी चालतच नाहीये, आपण कुठेतरी पोचलोय आणि तिथेच तरंगतोय. वहिनीने हळूच विचारलं, "आता कुठी आलो?" मलाही सांगता येईना. नाक्यावर पावती फाडली तेव्हा कुठे खात्री झाली.

देवी पॉइंटला आधी गेलो. खडकाच्या पोटात देवी आहे आणि छतातून पाणी ठिबकत असतं. अनवाणी पाय बधिर झाले. वहिनीने हात जोडून काय मागितलं ते विचारायची गरज नव्हती, मीही तेच मागितलं.

तिथून गाविलगड. किल्ल्यासाठी दोन-अडीच तास हाताशी ठेवा, बूट घाला, पाणी सोबत घ्या, आत काही मिळत नाही. चढ फार नाही, पण दगड शेवाळलेले असतात. एक दरवाजा ओलांडला की दुसरा धुक्यातून उभा राहतो, आणि त्यामागे आणखी एक. आत शिरलो तर गुडघाभर गवत, त्यात पिवळी फुलं, आणि मधे तळं. तळ्याचा पलीकडचा काठ दिसतच नव्हता. आम्ही तिघं काठावर बसलो. एक म्हैस पाण्यात उभी होती, तिला कसलीच घाई नव्हती. वारा नाही, माणूस नाही, फोनला रेंज नाही. मी किती वेळ बसले होते देव जाणे. आपण इथे का आलो हेच विसरले होते, आणि खरं सांगते, फार बरं वाटत होतं. दादाकडे पाहिलं तर त्याचा चेहराही सैल झाला होता. बोलायची गरजच नसलेल्या जागी तो आमच्यासारखाच होता.

जेवण आम्ही वर जातानाच एका छोट्या खानावळीत सांगून ठेवलं होतं, तुम्हीही तसंच करा, नाहीतर तासभर ताटकळाल. ज्वारीची भाकर, वांग्याची तेलकट भाजी, झुणका, हिरव्या मिरचीचा ठेचा. दादाने तीन भाकरी खाल्ल्या. वहिनीने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच त्याला घास भरवला.

मग मी माती खाल्ली. पंचबोल पॉइंट मी मुद्दाम शेवटी ठेवला होता. तिथे दरीत हाक मारली की पाच वेळा परत येते म्हणतात. मनात मी सगळं रंगवून ठेवलं होतं, दादाला राहवणार नाही, तो हाक मारेल, दरी उत्तर देईल. कठड्यापाशी कॉलेजची पोरं एकमेकांची नावं ओरडत होती. मीही ओरडले, "दादा." दोन-तीनदा आलं परत, पुढचं धुक्याने खाल्लं. मग मी त्याचा दंड धरला आणि म्हटलं, आता तू. त्याने माझा हात सोडवला आणि सरळ गाडीकडे चालू लागला. वहिनी मला एवढंच म्हणाली, "तू त्यायले शाळेतलं पोट्टं समजून राहिली का?" बावीस वर्षं शिकवतेय मी, तेवढ्या वर्षांत कोणी इतकं नेमकं बोललं नव्हतं. तिथल्या कॉफीच्या झाडांकडे पाहायचं राहूनच गेलं.

परतीला घाट उतरायच्या आधी रस्त्याच्या कडेला एक म्हातारी सीताफळांची भरलेली टोपली घेऊन बसली होती. यंदाची पहिलीच फळं. आम्ही थांबलो तेव्हा एका मोठ्या गाडीतून उतरलेले दोघं नवरा-बायको भाव करत होते. म्हातारीने सगळ्या टोपलीचे तीनशे सांगितले. ते दीडशेवर आले, मग तिने अडीचशे म्हटलं, तर त्यांनी सव्वाशे. ती दोनशेवर उतरली. प्रत्येक आकड्याला दादाचा पाय हलत होता. तो गाडीतून उतरला. ज्याने आयुष्यभर भाव फक्त वर जाताना पाहिलाय, त्याला हे खाली घसरणं बघवेना.

टोपलीपाशी जाऊन त्याने हात वर केला आणि म्हणाला, "दोनशे दहा."

तो आवाज घोगरा होता, फाटका होता, अर्धा वाऱ्यातच गेला. पण आकडा कळला. म्हातारी बावरून पाहत राहिली. मागे थांबलेल्या जीपमधला एकजण हसत म्हणाला, दोनशे वीस. दादाने लगेच त्याच्याकडे बोट केलं. "दोनशे वीस आले. माल पायून घ्या, पहिला तोडा हाय. वीसच्या वर कोन?" जीपमधले खाली उतरले. मोठ्या गाडीतली बाई चिडून अडीचशे म्हणाली. जीपवाल्याने पावणेतीनशे केले. दादा घसा खाकरत होता, थांबत होता, शब्द तुटत होते, आणि तरी तो ढिगापाशी उभा असल्यासारखा ताठ उभा होता. माझे डोळे भरून आले. मी वहिनीकडे पाहिलं, ती तोंडावर पदर धरून उभी होती, आणि 'बघ, बोलला' अशी मी तिला जोरजोरात मान हलवली.

हर्रासात मान हलवली की ती बोली. हे मला सव्वीस वर्षांपासून माहीत आहे, तरी.

"तीनशे, या बाई," दादा माझ्याकडे बोट करून म्हणाला. "एक वार. दोन वार." मी नाही नाही म्हणेपर्यंत सौदा तुटला होता. जीपवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. म्हातारीने टोपली माझ्या डिकीत ओतली आणि वर दोन फळं जास्तीची दिली. घाटभर वहिनी मागे बसून हसत होती आणि रडत होती, आणि दादा पुन्हा गप्प होता, पण आता खिडकीबाहेर पाहत नव्हता.

सातच्या आत घरी पोचलो. पाय दुखत होते, केसांना धुक्याचा वास होता. काय राहिलं मनात म्हणाल, तर तळं, आणि तळ्यापाशी मला झालेला विसर. दादाचा जुना आवाज परत येणार नाही, हे मला त्या रस्त्यावर कळलं होतं. तो फाटकाबाहेर ऐकू जाणारा आवाज गेला. त्याचं वाईट वाटलं, अजूनही वाटतं.

मी चहा ठेवत होते तेव्हा दादा दिवाणखान्यात बसून समितीच्या सचिवांना फोन लावत होता. तिकडचा आवाज स्वयंपाकघरात आला, कोन बोलून राहिलं?

"भास्कर."

कोन भास्कर, तिकडून विचारलं. मला धावत जाऊन फोन हिसकावून घ्यावासा वाटला. वहिनीने माझं मनगट धरून ठेवलं.

"हर्रासवाला भास्कर," दादा म्हणाला. "आवाज आता असाच रायते. मी उद्या येतो. ऐकून घ्या, मंग ठरवा."

तिकडे नीट ऐकू गेलं नसावं. दादाने तेच सगळं पुन्हा एकदा सांगितलं, तितक्याच हळू.