परत पाठवलेली गाडी

साप चावल्यावर रुग्णवाहिका येईपर्यंत घरचे लोक काय काय करतात, हा माझ्या संशोधनाचा विषय आहे. त्यासाठी मी शिराळ्याजवळच्या एका घरी गेले होते. उसात खुरपताना साप चावलेल्या सुनेशी मला बोलायचं होतं, पण उत्तरं सासरेच देत होते. मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू होतं. ती भिंतीला टेकून बसली होती. तिच्या उजव्या पायाला बोटं उरली नव्हती.

“गाडी लय उशिरा आली. हेच लिवा,” ते म्हणाले.

मला अनोळखी माणसांत बोलणं जड जातं. तरी मी म्हणाले, “ड्रायव्हर म्हणतो, गाडी वेळेत आली होती. देवऋषी येतोय म्हणून तुम्हीच ती परत पाठवलीत. तोवर हिच्या पायाला कासरा आवळून ठेवला होता.”

“इंग्लिश शाळंत शिकलीस, आन् आमाला अक्कल शिकवतीस व्हय गं? त्ये रेकॉर्डिंग पूस आदी!”

रेकॉर्डिंगची परवानगी तिने दिली होती, त्यांनी नव्हे. मी तिलाच विचारलं, “पुसू का?”

“नगा पुसू,” ती म्हणाली. “मामंजी, गाडीचा हॉर्न मीबी ऐकला. शुद्धीत व्हते मी. पाय माझा गेलाय, तुमचा न्हाई.”

सासऱ्यांनी माझ्या चपला अंगणात भिरकावल्या. मी मोबाइल पिशवीत टाकला आणि अनवाणीच बाहेर आले. चपला घालत होते तोवर आत त्यांचा ओरडा चालूच होता, आणि मध्येमध्ये तिचाही आवाज चढत होता.