साडूंचा कान आणि माझा उजवा हात

साऱ्या छत्तीसगडात कीबोर्ड कानाने निवडणारा माणूस एकच असेल, आणि तो माझ्या वाट्याला साडू म्हणून आला आहे. इतरांचे साडू लग्नात रुसतात, जमिनीच्या भावाच्या गोष्टी करतात, आपल्यापेक्षा मोठा टीव्ही घेतात. आमचे भाऊजी, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, यातलं काहीच करत नाहीत. ते गुढियारीतल्या आपल्या घरात खिडकीपाशी बसून एक बटण दाबतात, डोळे मिटतात, पुन्हा दाबतात आणि "थोडा खरखरून राहिला हा" असं म्हणून ते डब्यात परत टाकतात. बटण म्हणजे कीबोर्डचं. आपण ज्या अक्षरावर बोट मारतो त्याच्या टोपीखाली बोराएवढी एक डबी असते, तिला स्विच म्हणतात, त्यात एक स्प्रिंग आणि एक दांडी असते, आणि जगात या डबीचे शेकडो प्रकार मिळतात, हे सगळं मला भाऊजींमुळे कळलं. कळून माझ्या आयुष्यात काही फरक पडेल असं तेव्हा वाटलं नव्हतं.

भाऊजींची सगळी नोकरी रेल्वेच्या सिग्नल खात्यात गेली. रिले-रूममध्ये सिग्नल चालवणारे शेकडो विजेचे रिले टकटकत असतात. त्यातला कोणता आजारी आहे हे ते म्हणे दारातूनच सांगायचे. निवृत्त झाल्यावर त्यांचे कान एकदम बेकार झाले. पहिले दोन महिने त्यांनी घरातला मिक्सर, छताचा पंखा आणि शेजाऱ्यांची बोअरची मोटर ऐकण्यात काढले आणि तिघांबद्दलही मत दिलं. मोटरबद्दलचं मत शेजाऱ्यांना आवडलं नाही. मग हैदराबादच्या मुलीने त्यांना एक मेकॅनिकल कीबोर्ड पाठवला, बाबांनी घरबसल्या टायपिंग शिकावं म्हणून. टायपिंग आजही एका बोटाने चालतं. कीबोर्ड मात्र त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत सुटा होऊन वर्तमानपत्रावर पसरला होता, आणि भाऊजी त्याच्या एकेका स्प्रिंगला शून्य नंबरच्या ब्रशने वंगण लावत होते.

तिथून पुढे त्या घरात जे काही झालं त्याची खरी साक्षीदार ताई, म्हणजे माझी मेहुणी. तिचं इडलीपात्र गेलं, कारण त्याच्या खळग्यांत वजनाप्रमाणे स्विच वेगळे ठेवता येतात. चकलीच्या साच्याचं दांडकं गेलं. पापडाच्या डब्यात अक्षरांच्या टोप्या आल्या. एका रविवारी आम्ही जेवायला गेलो तेव्हा ती कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "इडल्या होत्या आज. पण पात्रात यांचे बटणं आहेत. वाफवून देऊ का तेच, सांबारासंगं?" भाऊजींनी शांतपणे उत्तर दिलं, "नको. प्लास्टिक नरम पडते." त्यांना कोणाची थट्टा कळत नाही असं नाही, पण ते चालू कामात असतील तर तिचं उत्तरही तांत्रिकच देतात.

कीबोर्डच्या पोटात एक पत्रा असतो, सगळे स्विच त्यात बसतात. हा पत्रा पितळेचा असेल तर आवाज खोल येतो, असं भाऊजींच्या वाचनात आलं. पितळ घ्यायला ते गोल बाजारात भांड्यांच्या दुकानात गेले, आणि दुर्दैवाने मला सोबत घेऊन गेले. तिथे त्यांनी परात उचलायची, कानाशी धरायची, नखाने वाजवायची आणि मान हलवून खाली ठेवायची, असा तासभर कार्यक्रम केला. दुकानदार आधी हसत होता, मग घाबरला. अकराव्या परातीला भाऊजींचा चेहरा खुलला. "ये वाली दे दो. और भैया, इसका गोल काटकर लंबा पट्टा बना देगा कोई?" दुकानदाराने ती परात आजोबांच्या वेळची असल्यासारखी छातीशी धरली आणि विकायला नकार दिला.

माझ्या पुतणीला पाहायला मुलगा आला होता तेव्हाची गोष्ट तर नात्यात अजून सांगतात. मुलगा पुण्याला संगणकाच्या नोकरीत. सगळ्यांनी पगार विचारला, फ्लॅट विचारला. भाऊजी पोह्यांची बशी हातात धरून वाट पाहत होते. शेवटी त्यांनी घसा खाकरून विचारलं, "दिवसभर टाइप करता, तर कीबोर्ड कोणता वापरून राहिले?" मुलगा आमच्याकडच्या मुलांसारखाच, मराठी समजणारा आणि हिंदीत बोलणारा. तो म्हणाला, "लैपटॉप का ही है अंकल, जो साथ में आता है वही." भाऊजींनी बशी खाली ठेवली. परतताना स्कूटरवर ते मला म्हणाले, "पोट्टा वाईट नाही. पण आपल्या बोटाची कदर नाही त्याले." लग्न झालं, छान झालं, आहेर म्हणून भाऊजींनी जे पार्सल दिलं ते काय असेल हे सांगायला नको.

एका बाबतीत मात्र त्यांचं मत कडक होतं. काही स्विच दाबल्यावर मुद्दाम टिक् असा आवाज करतात. त्यांना भाऊजी 'चुगलखोर' म्हणत. "बटण दाबलं हे दाबणाऱ्याले माहीत आहे. मग त्यानं गावभर सांगाले काहून पाहिजे?" असे स्विच त्यांनी एका बरणीत टाकून माळ्यावर ठेवले होते. स्वतःसाठी त्यांनी आठ महिने खपून एक कीबोर्ड बनवला होता, पिसासारखा हलका आणि जवळजवळ मुका. त्याच्यावर बोट फिरवताना ते बोलायचे नाहीत आणि कोणाला बोलू द्यायचे नाहीत.

दोन वर्षांपूर्वी माझ्या उजव्या अंगावरून वारं गेलं. हलकंच होतं, डॉक्टर म्हणाले, नशीबवान आहात. पाय महिन्याभरात सुधारला, जीभ हळूहळू सुटली, पण उजव्या हाताची बोटं कमजोर राहिली आणि वर बधिरही झाली. मी सरकारी कार्यालयात टंकलेखक. दिवसभर हिंदी, आणि घरी आल्यावर माझ्या हौसेचं मराठी. देवनागरीच्या ज्या मांडणीवर मी बावीस वर्षं टाइप करतो आहे, तिच्यात काने-मात्रा जवळजवळ सगळ्या डाव्या हाताला आणि बरीचशी व्यंजनं उजव्या हाताला. म्हणजे माझ्याजवळ मात्रा उरल्या आणि त्या लावायला अक्षरंच नाहीत. एका दुपारी डाव्या हाताने एकट्याने काय लिहिता येतं ते मी करून पाहिलं. मान, मौन, मामा, विनवणी. मग कीबोर्ड बाजूला सारला आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिलो. सुट्टी संपत आली होती. साहेब भेटायला आले तेव्हा प्रेमाने म्हणाले, "आ जाइए, कुछ हल्का काम दे देंगे, आवक-जावक में बैठ जाना." त्यांचा हेतू चांगला होता, पण ते ऐकून मला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी भाऊजी आले. काखेत उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेला तो आठ महिन्यांचा कीबोर्ड. "हलका आहे. कमजोर बोटानं पण दबते," एवढंच बोलून त्यांनी तो माझ्यापुढे ठेवला. मी उजवा हात त्यावर नेला, आणि पडद्यावर तततततत असं उमटायला लागलं. बोट उचलेपर्यंत दीड ओळ त भरला होता. दुसरं बोट टेकलं तर क. हाताचं नुसतं वजन पडलं तरी अक्षर दाबलं जात होतं आणि बधिर बोटाला त्याचा पत्ता नव्हता. मी चारदा प्रयत्न केला. पाचव्या वेळी माझे डोळे भरून आले आणि मी ओरडलो, "घेऊन जा हे!" भाऊजींवर मी पहिल्यांदाच ओरडलो होतो. त्यांनी कीबोर्ड पुन्हा अभ्र्यात घातला. दारात थांबून म्हणाले, "चूक माझी आहे भाऊ. म्या माह्या कानासाठी बनवला होता. तुमच्या हाताले इचारलंच नाही."

विचारायला ते तिसऱ्या दिवशी आले. मला स्कूटरवर मागे बसवलं आणि थेट सदर बाजारात त्यांच्या ओळखीच्या सराफाकडे नेलं. सोनं तोलायच्या काट्यावर स्प्रिंगा तोलून देणारा हा सज्जन सराफ भाऊजींनी पूर्वीच पैदा केला होता. दुकानात बांगड्या घेणाऱ्या बायकांची गर्दी. त्या गर्दीत भाऊजींनी माझं उजवं मनगट धरलं आणि एकेक बोट काट्यावर टेकवलं. "नुसतं ठेवा. दाबू नका." आकडा वहीत लिहिला. "आता दाबा, होईल तेवढं." पुन्हा आकडा. तर्जनी टेकली की तीस ग्रॅम, दाबली की सत्तर. अनामिकेला जरा कमी. एका बाईने सराफाला हळूच विचारलं, "ये क्या बनवा रहे हैं?" सराफ म्हणाला, "पता नहीं दीदी, अंगूठी तो नहीं है." मला हसू आलं, आजारपणानंतर पहिल्यांदा, आणि हसण्याने काटा हलला म्हणून भाऊजी रागावले. शेवटी करंगळी. टेकली की वीस, सगळा जोर लावून दाबली की पंचवीस. भाऊजींनी तो आकडा दोनदा घेतला. "पाच ग्रॅमची फट आहे," ते म्हणाले, "पण आहे."

मग आपल्या घरी नेऊन त्यांनी नऊ निरनिराळे स्विच एका लाकडी पट्टीवर बसवून माझ्यापुढे ठेवले आणि मला डोळे मिटायला लावले. मी एकेक दाबत होतो आणि ते विचारत होते, "समजलं, दबलं का?" मला काहीच समजत नव्हतं. सातव्याला मी म्हणालो, "हो, दबलं." "कशानं समजलं?" "आवाज आला ना." मी डोळे उघडले. भाऊजी त्या स्विचकडे बघत बसले होते. माळ्यावरची बरणी त्यांनी खाली काढली होती, हे मला तेव्हा कळलं. "बोटाले कळून नाही राहिलं, तर कानाले कळू द्या," ते म्हणाले. ज्याच्या कानांना तो आवाज सोसत नव्हता, त्या माणसाने पुढचे तीन आठवडे खिडकीपाशी बसून तोच आवाज घडवला. उजव्या हाताच्या प्रत्येक बोटाला वेगळी स्प्रिंग, टेकलेल्या वजनापेक्षा जड आणि दाबायच्या जोरापेक्षा हलकी. करंगळीची स्प्रिंग कुठे मिळेना. त्यांनी कितीतरी स्प्रिंगा कापल्या, ताणल्या, सराफाकडे नेल्या. ताई म्हणाली, त्या आठवड्यांत ते जेवतानाही उजव्या हाताची करंगळी हवेत दाबून पाहायचे.

सुट्टी संपली त्या दिवशी मी तो कीबोर्ड पिशवीत घालून कार्यालयात गेलो आणि आवक-जावक ओलांडून माझ्या जुन्या टेबलाशी बसलो. एका पानाचं पत्र टाइप करायला मला पाऊण तास लागला. प्रत्येक टिक् म्हणजे एक अक्षर उमटल्याची खात्री होती. टिक् आला नाही तर पुन्हा मारायचं. साहेबांनी पत्र वाचलं, सही केली आणि दुसरा मसुदा पुढे केला. यापेक्षा मोठा सत्कार माझा झालेला नाही. आठवडाभरात शेजारची मंडळी कुरकुरायला लागली, "भैया, आपका काम तो शंकर नगर तक सुनाई देता है." मी म्हणालो, हव, येतं ऐकू. करंगळी मात्र लवकर दमायची, म्हणून तिची अक्षरं मी अनामिकेवर ढकलायचो. भाऊजींना ते सांगायची हिंमत झाली नाही.

त्यांचे आभार मानण्याचा मी अनेकदा प्रयत्न केला. मी सुरुवात केली की ते माझा कीबोर्ड उलटा करून धूळ झटकायला लागतात. म्हणून हे लिहितो आहे. लिहिलेलं तरी त्यांना झटकता येणार नाही.

मागच्या वर्षी ताईचे गुडघे बिघडले आणि दोघंही हैदराबादला मुलीकडे राहायला गेले. गुढियारीच्या त्या खिडकीत आता भाडेकरूंच्या चादरी वाळतात, आणि स्टेशनाकडे जाताना मी शक्यतो दुसऱ्या रस्त्याने जातो. दर रविवारी दुपारी भाऊजींचा फोन येतो. तब्येत ते विचारत नाहीत. म्हणतात, "फोन कीबोर्डापाशी ठेवा अन् लिहा काहीतरी." मी लिहितो, ते ऐकतात. कुठला स्विच कोरडा पडला, कुठे कचरा गेला, ते सांगतात आणि फोन ठेवतात.

गेल्या रविवारी मी याच लेखातली चार-पाच वाक्यं लिहीत होतो. त्यातलं एक वाक्य भाऊजींनी पुन्हा लिहायला लावलं. मला वाटलं काहीतरी बिघाड सापडला. मग भाऊजी म्हणाले, "भाऊ, पहिले 'च' आला का तुम्ही थांबत होते. बोट बदलवत होते."

म्हणजे त्यांना सगळं माहीत होतं. मी ओशाळून "हो" म्हणालो.

"आज नाही थांबले," ते म्हणाले. "करंगळीनं मारला तुम्ही."

मी हाताकडे पाहिलं. करंगळी 'च'वर होती. ती कधी परत कामाला लागली हे माझ्या घरात कोणालाच कळलं नव्हतं, मलासुद्धा नाही. मी ती उचलून उलटसुलट करून पाहत बसलो.

"आहे का लाइनवर?"

"हव."

"मग लिहा नं. काहून थांबले?"

मी लिहायला लागलो. पान संपलं तरी त्यांनी फोन ठेवला नव्हता.