ताईचा दंड आणि पहिलं पाणी

माझ्या थोरल्या बहिणीला कुणी घाई केली की तिचं डोकं फिरतं. माझं तर कायम फिरलेलंच असतं, म्हणून आमचं छान जमतं. आम्ही दोघी एकाच धुलाई कारखान्यात कामाला. हॉटेलांच्या, इस्पितळांच्या चादरी येतात. मी घड्यांच्या टेबलावर, ताई मोठ्या मशीनवर. त्या मशीनच्या पोटात आमचं स्वयंपाकघर भांड्यांसकट मावेल. धुऊन झालेल्या चादरींचा ओला पिळा बाहेर ओढून गाडीवर टाकायचा, हे काम आधी फक्त पुरुष करायचे. ताईनं ते कुणाकडे मागितलं नाही. एका सकाळी जाऊन उभी राहिली आणि ओढायलाच लागली. तेव्हापासून ते मशीन तिचं.

आमच्याकडे एक रीत होती. साबणाच्या फळीवर सूज उतरवणाऱ्या गोळ्यांची बरणी असायची. पाठ धरली, मनगट सुजलं, की खा गोळी आणि लाग कामाला. शेंगदाण्यासारख्या खायचो आम्ही. बरणी मॅनेजर स्वतः भरायचा, आणि आम्ही बावळट त्याला देवमाणूस म्हणायचो.

एका दुपारी गुंता झालेला पिळा ओढताना ताईच्या उजव्या दंडात काहीतरी तटकन तुटलं. दंड टम्म फुगला, लाल झाला, हात लावला तर गरम. तिनं गोळ्यांचा मारा केला. सूज उतरली, ठणका थांबला आणि चारच दिवसांत बाईसाहेब परत मशीनवर. मीही म्हटलं, चला, सुटलो. पुढच्याच आठवड्यात तोच दंड, तीच जागा, पुन्हा फाटली. या वेळी तिला चमचासुद्धा धरवेना. मी घास भरवायला बसले तर माझ्याकडे अशी बघायची, जणू तिचा दंड मीच फाडलाय.

त्यात मॅनेजरचा निरोप आला. सोमवारी मशीनवर आली तर ठीक, नाहीतर मशीन दुसऱ्याला आणि ताई कायमची घड्यांच्या टेबलावर. वर म्हणे, घड्या घालणं काय, बसल्या जागेचं काम, बाईमाणसाला बरं. मी वर्षानुवर्षं उभ्यानं घड्या घालतेय. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ताईला मात्र रात्रंदिवस एकच घोर, मशीन हातचं जाणार.

मी तिला ओढतच फिजिओथेरपीवाल्या बाईंकडे नेलं. बाई आमच्याहून तापट. गोळ्यांचं ऐकलं आणि त्यांनी कपाळाला हात लावला. म्हणाल्या, सूज म्हणजे शत्रू नव्हे. स्नायू फाटला की रक्तातून संरक्षण करणाऱ्या पेशी तिथं धावतात. त्यांची गर्दी म्हणजेच ती सूज. फाटलेले, मेलेले धागे त्या खाऊन टाकतात, जागा साफ करतात. आणि गंमत अशी, की साफसफाई झाली की त्यांतल्याच बऱ्याच पेशी स्वभाव बदलतात. स्नायूत झोपलेल्या मूळ पेशींना उठवतात, ‘चला, नवं विणायला घ्या’ म्हणून सांगतात. दुखणं सोसवेना तर एखादी गोळी घ्या, कोण नको म्हणतंय? पण रोज मूठभर गोळ्या खाऊन त्या गर्दीलाच हाकललंत, आणि अर्ध्या विणलेल्या दंडानं पिळे ओढलेत, तर तो पुन्हा फाटणार नाहीतर काय होणार?

ताईनं डाव्या हातानं दंड चाचपला. मग म्हणाली, “म्हणजे पहिलं पाणी चालू होतं, आणि मी दार उघडलं.”

बाईंना ते कळलं नाही. मला कळलं. पहिलं पाणी म्हणजे पहिली धुलाई, सगळ्यांत घाण पाणी. ते मध्येच तोडायचं नाही, हा आमच्या कारखान्याचा पहिला नियम. तोडलं आणि तशीच इस्त्री फिरवली, तर डाग कायमचा बसतो. चादरींच्या बाबतीत हे आम्हाला झोपेतही ठाऊक. स्वतःच्या अंगाच्या बाबतीत मात्र सगळ्यांची अक्कल गहाण.

सोमवारी ताई कारखान्यात गेली, हात गळ्यात बांधलेला. मॅनेजर वाटच बघत होता. तिनं डाव्या हातानं चालू मशीन थांबवलं, पाणी सोडलं, दार उघडून उशीचा एक अभ्रा ओढून काढला आणि तसाच निथळता त्याच्या टेबलावर नेऊन ठेवला. म्हणाली, याला इस्त्री करा आणि पाठवा हॉटेलला.

“अहो, पहिलं पाणी चाललंय त्याचं,” तो ओरडला. “मळ तसाच आहे.”

“माझ्या दंडाचंही पहिलंच पाणी चाललंय. मला का बाहेर ओढताय?”

मी हातातली चादर खाली ठेवली. माझ्या शेजारणीनं ठेवली. मग सगळं टेबलच थांबलं. कुणी काही ठरवलं नव्हतं, पण प्रत्येकीचं काही ना काही कधीतरी सुजलेलं होतंच की. मॅनेजरनं आमच्याकडे बघितलं, गाडीवर साचलेल्या ढिगाकडे बघितलं आणि म्हणाला, बरं, बरी होऊन या. ताई हलली नाही. मशीन माझंच राहील हे तोंडानं बोला, म्हणाली. तो बोलला. नाक दाबलं की तोंड उघडतं.

दुखणं येतं हत्तीच्या पावलांनी आणि जातं मुंगीच्या, तसंच झालं. पण ती लोळत पडली नाही. बाईंनी बजावलं होतं, नव्या धाग्यांना हळूहळू काम दिलं तरच ते जोर धरतात. आधी रिकामी बाटली उचलली, मग अर्धी भरलेली, मग पाण्याची बादली. मी मध्ये मदतीला गेले की अंगावर खेकसायची. मला बरं वाटायचं.

आणि आली की परत, सगळ्यांच्या नाकावर टिच्चून. पहिला पिळा ओढला तेव्हा मी डोळे मिटून घेतले होते. गाडीत धप्प आवाज आला, तेव्हा उघडले. रडले मी, लपवत नाही.

परवा मॅनेजरची पाठ धरली. खोकं उचलायला वाकला तो तसाच राहिला. कण्हत कण्हत साबणाच्या फळीशी गेला आणि बरणीत हात घातला. हाताला लागली बटणं. आता गोळ्या कुणी खात नाही, म्हणून मशीनमधून निघणारी सुटी बटणं ताई हल्ली त्या रिकाम्या बरणीत टाकते. तो बरणीकडे बघतोय, ती भरलेली गाडी उजव्या हातानं ओढत त्याच्या शेजारून चाललीय. थांबली. पायानं एक स्टूल त्याच्याकडे सरकवलं.

“बसा,” म्हणाली. “तुमचं पहिलं पाणी चालू आहे.”